आधी मागच्या बाकावर बसा

वाचनपाठ : पातळी ५ (नववी ते कॉलेज)

वाचण्याआधी

तुमच्या एका आवडत्या शिक्षकांना आठवा. ते कसे बोलायचे, कोणते विनोद करायचे, हे पटकन आठवेल. आता हे सांगा : वर्गात गोंधळ सुरू झाला की ते कुठे जाऊन उभे राहायचे? प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबायचे? आठवत नसेल तर हरकत नाही. पाठ त्याबद्दलच आहे. शेवटी दिलेले शब्द आधी एकदा बघून घ्या आणि मग वाचायला लागा.

पाठ

“मला शिक्षक व्हायचंय,” असं तुमच्यापैकी कुणी घरी म्हणालं की दोन प्रकारची उत्तरं येतात. आजी पुण्याहून फोनवर म्हणते, “वा, फार चांगलं काम आहे.” बाबा म्हणतात, “नोकरी लगेच मिळते का? बघितलंस का?” दोघांचंही बरोबर आहे. पण तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : हे काम दिवसभर कसं चालतं, ते तुला ठाऊक आहे का?

तुम्ही म्हणाल, का नाही? ज्युनिअर किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत चौदा वर्षं शाळेतच तर काढली! खरं आहे. पण ती सगळी वर्षं तुम्ही वर्गाच्या एकाच बाजूला बसला होतात. नाटक खुर्चीत बसून बघणं वेगळं आणि विंगेत उभं राहून बघणं वेगळं. खुर्चीतून राजा दिसतो. विंगेतून राजाचा मुकुट कोण धरून उभं आहे ते दिसतं. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. शिक्षक होणारा माणूस लहानपणापासून हजारो तास शिक्षकांकडे बघत असतो, त्यामुळे हे काम आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटतं. पण शिक्षकानं आदल्या रात्री काय ठरवलं, ऐन वेळी काय सोडून दिलं आणि का, हे त्याला कधीच दिसलेलं नसतं.

म्हणून बी.एड.चा अर्ज भरण्याआधी एकदा विंगेत जाऊन बघायचं. मिल्टनमध्ये राहून ते कसं जमेल, तिथे गेल्यावर काय करायचं आणि अर्जात त्याबद्दल काय लिहायचं, ते आता बघू.

आधी अर्जाचा भाग, कारण तो थोडक्यात आटोपतो. ऑन्टारिओत शाळेत शिकवण्यासाठी ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नाहीत. ही शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था आहे. त्या प्रमाणपत्रासाठी शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. काही जण पदवीबरोबरच बी.एड. करतात, तर बरेच जण आधी पदवी घेतात आणि मग अर्ज करतात. पदवीनंतरचे अर्ज ग्वेल्फमधल्या ऑन्टारिओ युनिव्हर्सिटीज ॲप्लिकेशन सेंटरमार्फत जातात. यॉर्क, ब्रॉक, वेस्टर्न, क्वीन्स, लॉरिये अशी अनेक विद्यापीठं हे शिक्षण देतात. सप्टेंबर २०१५ मध्ये हा अभ्यासक्रम दोन सत्रांवरून चार सत्रांचा झाला आणि शाळेत जाऊन सराव करण्याचे दिवस ४० वरून किमान ८० झाले. असे नियम बदलत असतात, म्हणून तुम्ही ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा. मावसबहिणीनं सहा वर्षांपूर्वी काय केलं होतं, यावर जाऊ नका.

कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचं, हेसुद्धा अर्जातच ठरवावं लागतं. किंडरगार्टन ते सहावी, चौथी ते दहावी, किंवा सातवी ते बारावी असे तीन गट आहेत. चार वर्षांच्या मुलांबरोबर दिवस काढणं आणि सोळा वर्षांच्या मुलांबरोबर दिवस काढणं ही जवळजवळ दोन वेगळी कामं आहेत. “मला मुलं आवडतात” हे वाक्य इथे पुरत नाही. कुठली मुलं? बूट घालून द्यावे लागतात ती, की बूट टेबलावर ठेवतात ती? घरी बसून याचं उत्तर मिळत नाही.

अनुभवाच्या बाबतीत प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. काही जण मुलांबरोबर केलेल्या कामाची सविस्तर माहिती मागतात, काही जण मुख्यतः गुण बघतात. मग गुण बघणाऱ्या ठिकाणी अर्ज करायचा असेल तर कशाला शाळेत जायचं? माझं मत विचाराल तर तेव्हा जास्तच जायला हवं. कारण तिथे तुम्हाला कुणी अडवणार नाही. फी भराल, प्रवेश घ्याल, आणि सरावाच्या तिसऱ्या दिवशी कळेल की पंचवीस मुलांचा एकत्र आवाज तुम्हाला सहन होत नाही. हे कळण्यात वाईट काही नाही. फक्त ते फुकटात आणि दोन वर्षं आधी कळलं तर बरं.

आता आपलं गाव. २००१ च्या जनगणनेत मिल्टनची लोकसंख्या ३१,४७१ होती. २०२१ मध्ये ती १,३२,९७९ झाली. म्हणजे वीस वर्षांत चौपटीहून जास्त! जिथे शेतं होती तिथे रस्ते आले, रस्त्यांवर घरं आली आणि घरांत लहान मुलं आली. म्हणूनच इथे इतक्या नव्या शाळा दिसतात, आणि कित्येक शाळांच्या मागच्या मैदानात पोर्टेबल वर्गांच्या रांगाही. तुमच्यापैकी काही जण अशाच पोर्टेबलमध्ये शिकले असतील, स्वच्छतागृहात जायचं तर कोट घालून. आपल्या या विषयापुरता त्याचा अर्थ एवढाच, की मदतीची गरज असलेला वर्ग शोधायला तुम्हाला टोरांटोला जावं लागणार नाही. तो बहुतेक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

हायस्कूलमध्ये असाल तर सुरुवात सोपी आहे. ऑन्टारिओत हायस्कूलचा डिप्लोमा मिळण्यासाठी ४० तास समाजसेवा करावी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. आठवी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून हे तास मोजता येतात. तुमचे स्वतःचे वर्ग चालू असताना केलेलं काम त्यात धरत नाहीत. जेवणाची सुट्टी किंवा मोकळा तास चालतो. म्हणजे दुपारी जवळच्या प्राथमिक शाळेत गृहपाठ घ्यायला बसा, नाहीतर शनिवारी मराठी शाळेत मदत करा. खरा वर्ग दिवसभर बघायचा असेल तर को-ऑप हा त्याहून चांगला मार्ग आहे. त्यात कामाच्या जागी जाऊन क्रेडिट मिळतं, एका क्रेडिटला साधारण ११० तास. को-ऑपसाठी प्राथमिक शाळा मागणारी मुलं दर वर्षी असतात. तुमच्या शाळेच्या गायडन्स ऑफिसात वेळेत जाऊन सांगा.

कॉलेजात असाल तर थोडी जास्त धावपळ आहे. मोठ्या माणसानं शाळेत मदतीला जायचं तर पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक आणावा लागतो. मिल्टन हॅल्टन विभागात येतं, म्हणून इथल्या रहिवाशांसाठी तो हॅल्टन रीजनल पोलीस करतात. लहान मुलांच्या जवळ काम करायला हा माणूस सुरक्षित आहे ना, हे त्यात तपासतात. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. तुमच्या धाकट्या भावाच्या वर्गात येणाऱ्या माणसाचीही अशीच तपासणी व्हावी असं तुम्हाला वाटेलच. मात्र कागद हातात यायला वेळ लागू शकतो, म्हणून सप्टेंबरात जायचं असेल तर उन्हाळ्यातच शाळेच्या ऑफिसात विचारून ठेवा.

शाळेची इमारत नसली तरी वर्ग असतोच. उन्हाळी शिबिर, वाचनालयातला लहान मुलांचा कार्यक्रम, पोहण्याचा क्लास, तबल्याच्या गुरुजींकडची नवी मुलं. पोहायला शिकवणं तर मला फार चांगली तयारी वाटते. मुलानं पाण्यात तोंड घातलं की नाही ते लगेच दिसतं. “समजलं का?” असं विचारायची सोयच नाही!

आणि आपली मराठी शाळा. ऑन्टारिओनं १९७७ साली घरच्या भाषांच्या वर्गांसाठी योजना सुरू केली. एखाद्या भाषेसाठी २५ मुलांच्या पालकांनी मागणी केली तर शाळामंडळानं तो वर्ग सुरू करावा, असा नियम झाला. पण उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी शाळा मंडळं आणि पालक मिळून स्वतःच चालवतात. शिकवणाऱ्या काकू आठवडाभर बँकेत नाहीतर दवाखान्यात काम करतात आणि रविवारी फळ्यासमोर उभ्या राहतात. त्यांना मदतीची किती गरज असते, ते एकदा विचारून बघा. पण विचारायचं कसं, तेही शिकून घ्या. ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा :

“काकू, मला चाळीस तास पूर्ण करायचेत. तुमच्याकडे काही आहे का?”

“काकू, छोट्या गटात तुम्हाला मदत करायला आले तर चालेल का? डिसेंबरपर्यंत दर रविवारी येईन.”

पहिल्या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. तरी काकूंचा चेहरा कोणत्या वाक्यानं खुलेल, ते तुम्हाला कळलं असेल. दुसऱ्या वाक्यात “दर रविवारी” हे शब्द सगळ्यात मोलाचे आहेत. एकदाच उगवून पुन्हा न येणाऱ्या मदतनिसाचा वर्गाला उपयोग कमी आणि व्यत्यय जास्त. मुलं विचारत राहतात, “ती ताई कुठे गेली?”

आता वर्गात जाऊ. पहिले दोन-तीन दिवस शिकवायची घाई करू नका. मागे बसा आणि बघा. महाराष्ट्रात बी.एड. करणाऱ्यांना सराव पाठांबरोबर निरीक्षणंही करावी लागतात. मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले भावी शिक्षक तिथल्या शाळांतल्या मुलांच्या ओळखीचे असतात. बघायचं काय? मुलांकडे तर बघालच. पण शिक्षकांकडे बघा, आणि तेही शिकवणं चालू नसताना.

उदाहरण घ्या. जानेवारी महिना, मिल्टन, किंडरगार्टन, मधली सुट्टी. पंचवीसएक मुलांना बाहेर बर्फात न्यायचंय. प्रत्येकाची स्नोपँट, बूट, जॅकेट, टोपी, हातमोजे. कुणी उत्साहानं हातमोजे आधी घातले की संपलं : त्या हातांनी जॅकेटची चेन लागत नाही, बूटही ओढता येत नाहीत. मग तो रडतो, शेजारी त्याला बघून रडते, आणि ज्यांनी सगळं नीट घातलं ते दारापाशी घामाघूम होऊन उभे. आता मुरलेल्या बाईंच्या वर्गात बघा. भिंतीवर पाच चित्रं क्रमानं लावलेली असतात. हातमोज्यांचं चित्र शेवटी. एक छोटं गाणं ठरलेलं असतं, ते सुरू झालं की मुलं उठतात. सगळी एकदम नाही, एका टेबलाची आधी, मग दुसऱ्या. बाई स्वतः दारापाशी नसतात, ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याच्या शेजारी असतात. ऑन्टारिओच्या किंडरगार्टनमध्ये बहुतेक वेळा शिक्षिकेच्या जोडीला बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली आणखी एक व्यक्ती असते. त्या दोघी न बोलता कामं कशी वाटून घेतात, तेही बघण्यासारखं असतं. या सगळ्याला कुणी “धडा” म्हणत नाही. पण तो दिवसाचा सगळ्यात अवघड भाग असू शकतो, आणि विद्यार्थी असताना तो तुम्हाला दिसलेला नसतो. तुम्ही तेव्हा बूट शोधत होतात.

दुसरी गोष्ट मोजून बघा. शिक्षकांनी प्रश्न विचारला की मनात “एक, दोन, तीन” म्हणा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकली. त्यांना आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या कुणाला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येऊ लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? उद्या जेवताना कुणाला प्रश्न विचारा आणि गप्प बसून तीन मोजा. किती अवघड जातं ते कळेल.

आता असं काही सांगते जे तुम्हाला इतर उमेदवारांपेक्षा जास्त ठाऊक आहे. बहुतेक मोठ्या माणसांना आपण वाचायला कसे शिकलो ते आठवत नाही. तुम्हाला आठवतं! तुम्ही देवनागरी सहाव्या, आठव्या, कदाचित बाराव्या वर्षी शिकलात. “क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि” म्हणताना जीभ अडखळायची, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसायचे, आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असायची. पहिलीतलं मूल इंग्रजी वाचताना रोज याच अवस्थेत असतं. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगानं फेब्रुवारी २०२२ मध्ये वाचनाच्या हक्काबद्दल मोठा अहवाल दिला. मुलांना शब्द अंदाजानं ओळखायला न शिकवता अक्षर आणि आवाज यांची जोडी पद्धतशीरपणे शिकवा, असं त्यात सांगितलं होतं. सप्टेंबर २०२३ पासून पहिली ते आठवीचा भाषेचा अभ्यासक्रम त्या दिशेनं बदलला. बाराखडी घोकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

दुसरंही एक तुमच्याजवळ आहे. मिल्टनच्या वर्गांत उर्दू, पंजाबी, अरबी, हिंदी बोलणाऱ्या घरांतली खूप मुलं आहेत. त्यांतली काही पहिले काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात एक शब्द बोलत नाहीत. याला मौनाचा काळ म्हणतात. मूल ऐकत असतं, समजतही असतं, फक्त तोंडातून भाषा यायला तयार नसते. घाबरू नका, हे तुम्ही आतून बघितलेलं आहे. सांगलीला मामांच्या घरी गेल्यावर सगळं समजायचं, पण उत्तर मान हलवून नाहीतर इंग्रजीत द्यायचात ना? आणि मग कुणीतरी “अरे, याला मराठी येतच नाही!” म्हणायचं. तेव्हा कसं वाटलं होतं, ते आठवा आणि त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा. प्रश्न विचारू नका. चित्र काढा, रंग पुढे करा. बोलेल तेव्हा बोलेल.

काही नियम मात्र कडक आहेत. वर्गातल्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत, नावं बाहेर सांगायची नाहीत, मुलांशी सोशल मीडियावर ओळख ठेवायची नाही. आईनं प्रेमानं दिलेले शेंगदाण्याचे लाडू वाटायचे नाहीत. ऑन्टारिओत जीवघेण्या ॲलर्जीबद्दल ‘सब्रीनाज लॉ’ नावाचा कायदा २००६ पासून लागू आहे आणि शाळा तो फार गांभीर्यानं पाळतात. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. आणि एखादं मूल म्हणालं, “तुला एक सांगते, पण कुणाला सांगू नकोस हं,” तर तसं वचन देऊ नका. कुणी मारतंय, घरी भीती वाटते, असं काही ऐकलंत तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगा. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. मुलाला इजा होत असल्याचा संशय आला तर चिल्ड्रन्स एड सोसायटीला कळवणं हे ऑन्टारिओत प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते ज्यानं ऐकलं त्यानं स्वतः करायचं असतं. कसं कळवायचं, ते शिक्षक दाखवतील. लहान मुलं फळ्यासमोरच्या बाईंपेक्षा शेजारी बसलेल्या ताईला किंवा दादाला असं काही सांगण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हे आधीच माहीत असू द्या.

इथे थोडं महाराष्ट्रात जाऊन येऊ. ताराबाई मोडक राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या. हे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या, आणि लहान मुलं कशी शिकतात ते मुलांमध्ये राहून शिकल्या. आधी प्राचार्य आणि मग मुलांच्या सतरंजीवर! १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंनी त्याआधी नाशिक जिल्ह्यात आणि पुण्यात कित्येक वर्षं शाळेत शिकवलेलं होतं. एवढा अनुभव असलेल्या या दोघींसमोर बोर्डीत साधीच अडचण आली : बालवाडी तयार होती, पण वस्तीतली गरीब घरांची मुलं तिथे येत नव्हती. मुलं का येत नाहीत हे त्या वस्तीत जाऊन बघत राहिल्या, आणि शेवटी त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. आज तो भारतभर सरकारी योजनेचं नाव आहे. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं दिवसा गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणात भरली. ती ‘कुरणशाळा’. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी महाराष्ट्रात शिक्षक असतील तर त्यांना विचारा. जुन्या काळी सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाली की गावातल्या शाळेत नोकरी लागायची आणि ट्रेनिंग कॉलेज नंतर यायचं. त्यांना वर्गाचा अनुभव मागावा लागला नाही. तो दुसऱ्याच दिवशी अंगावर आला!

परत मिल्टनला. रोज घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहा. शिक्षक याला टाचण म्हणतात. तारीख, इयत्ता, किती वेळ, आणि पाहिलेली एकच गोष्ट. मुलांची नावं लिहायची नाहीत. ही दोन टाचणं बघा.

पहिलं : “आज दुसरीच्या मुलांना वाचनात मदत केली. मुलं खूप गोड आहेत. फार छान वाटलं.”

दुसरं : “एक मुलगी शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजानं म्हणते. पुस्तकात ‘हॉर्स’ होतं, ती ‘हाउस’ म्हणाली. बाईंनी तिला चूक म्हटलं नाही. शब्दाच्या शेवटापर्यंत बोट फिरवायला सांगितलं. मधल्या आवाजाशी ती थांबली, परत मागे गेली आणि स्वतःच ‘हॉर्स’ म्हणाली. पुढच्या पानावर मी तेच केलं. दोनदा चाललं, तिसऱ्यांदा ती कंटाळली.”

अर्ज वाचणाऱ्यापुढे पहिल्यासारखे शेकडो कागद येत असतील. दुसरं वाचून त्याला कळतं की हा माणूस वर्गात होता आणि डोळे उघडे ठेवून होता. त्यातलं “तिसऱ्यांदा ती कंटाळली” हे वाक्य मुळीच खोडू नका. तेच सगळ्यात खरं आहे. अशी तीस-चाळीस टाचणं जमली की अर्जातला निबंध लिहायला रात्र जागावी लागत नाही. त्यांतून दोन प्रसंग निवडायचे. आणि ज्या शिक्षकांच्या वर्गात तुम्ही महिनोन् महिने गेलात, त्यांना शिफारसपत्र मागायलाही मग संकोच वाटत नाही. मात्र ते शेवटच्या आठवड्यात मागू नका. अर्जाच्या मुदतीच्या महिनाभर आधी मागा.

आणि समजा, हे सगळं करून तुमच्या लक्षात आलं की वर्ग आपल्याला नको. एखादं मूल शेजारी घेऊन शिकवायला आवडतं, पण पंचवीस जण नकोत. तर ते मोकळेपणानं घरी सांगा. वाचादोषांवर उपचार करणारे, ग्रंथपाल, समुपदेशक, पोहण्याचे शिक्षक, मुलांच्या दवाखान्यातल्या नर्स, हे सगळे मुलांबरोबरच काम करतात. बाबा पुन्हा विचारतील, “नोकरी लगेच मिळते का?” त्याची तयारी ठेवा.

शब्दार्थ

विंग : रंगमंचाच्या बाजूची जागा, जिथून नट आत येतात
सत्र : शैक्षणिक वर्षाचा एक भाग
मुरलेला : खूप अनुभव असलेला (लोणचं मुरतं, तसा माणूसही!)
निरीक्षण : लक्षपूर्वक बघणं
व्यत्यय : चालू कामात आलेला अडथळा
मौन : न बोलणं
घोकणं : पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणं
टाचण : थोडक्यात लिहून ठेवलेली नोंद
कुरण : गुरं चरण्याची गवताळ जागा
शिफारसपत्र : “हा उमेदवार चांगला आहे” असं सांगणारं दुसऱ्याचं पत्र

स्वाध्याय

१. दोन-तीन वाक्यांत उत्तर द्या.
(अ) चौदा वर्षं शाळेत काढूनही शिक्षकाचं काम का कळत नाही?
(आ) ‘अंगणवाडी’ हा शब्द कुठून आला?
(इ) “कुणाला सांगू नकोस” असं मूल म्हणालं तर काय करायचं?

२. बोलीतलं वाक्य लेखी भाषेत लिहा. नमुना : “मला शिक्षक व्हायचंय.” – “मला शिक्षक व्हायचे आहे.”
(अ) “मुलांना बाहेर न्यायचंय.”
(आ) “मला चाळीस तास पूर्ण करायचेत.”
(इ) “ती ताई कुठे गेलीय?”

३. ‘तीन सेकंद’ हा प्रयोग घरी करा. कुणाला प्रश्न विचारलात, ते गप्प असताना तुम्हाला काय वाटलं आणि उत्तर काय आलं, ते पाच वाक्यांत सांगा. आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तरी चालेल.

४. या आठवड्यात कुठलाही एक वर्ग अर्धा तास बघा : नाच, पोहणं, कराटे, मराठी, काहीही. शिकवणाऱ्यांची परवानगी आधी घ्या. नंतर चार ओळींचं टाचण लिहा. “छान” आणि “गोड” हे दोन शब्द वापरायचे नाहीत.